पाच वादक, एक सही : जॅझ क्विंटेटची ‘स्वतःची रचना’ नेमकी कोणाची?

#थ्रेड #इतिहास #जॅझ

१/ नोव्हेंबर २००१. न्यूयॉर्कमधील ‘बर्डलँड’ हा जॅझ क्लब. बासवादक डेव्ह हॉलंड यांचे क्विंटेट, म्हणजे पाच वादकांचा संच, तेथे वाजवत होते. या मैफलींचे ध्वनिमुद्रण २००३ मध्ये ‘एक्स्टेंडेड प्ले’ या नावाने दोन सीडींवर प्रसिद्ध झाले. त्यात नऊ रचना आहेत आणि एकही जुने लोकप्रिय गाणे नाही. जे वाजले ते संचातील वादकांनीच रचलेले होते.

२/ आजच्या श्रोत्याला यात विशेष काही वाटणार नाही. कलावंताने स्वतःचे संगीत वाजवावे, यात नवल ते काय? परंतु जॅझच्या इतिहासात ‘स्वतःची रचना’ हे दोन शब्द दिसतात तितके साधे नाहीत. त्यांच्यामागे पैसा आहे, वंशभेद आहे, करारपत्रे आहेत आणि काही पुसली गेलेली नावेही आहेत.

३/ या थ्रेडचे म्हणणे थोडक्यात असे : जॅझ म्हणजे जुन्या गाण्यांचे जतन आणि नवी रचना म्हणजे परंपरेशी फारकत, ही समजूत इतिहासाला धरून नाही. क्विंटेटची परंपरा नव्या रचनेतूनच उभी राहिली. मात्र ती रचना कोणाच्या नावावर जमा झाली, हे विचारल्याशिवाय त्या परंपरेचा गौरव करणे अर्धवट ठरते.

४/ आधी संचाची मांडणी पाहू. रूढ क्विंटेटमध्ये पुढे दोन सुषिर वाद्ये असतात, बहुधा ट्रंपेट आणि सॅक्सोफोन. मागे पियानो, डबल बास आणि ड्रम्स. पुढचे दोघे मिळून चाल मांडतात. मग एकेक वादक त्याच चालीच्या कॉर्ड्सच्या आवर्तनावर उत्स्फूर्त वादन करतो आणि शेवटी मूळ चाल परत येते. बंदिश आणि तिचा विस्तार ज्याच्या कानांत आहे, त्याला ही रीत फारशी परकी वाटणार नाही.

५/ पाचच वादक का? १९३० च्या दशकात जॅझ म्हणजे मोठे बिग बँड आणि त्यांच्या तालावर नाचणारे तरुण. युद्धकाळात हे गणित बिघडले. वादक सैन्यात गेले, प्रवास महागला. त्यातच १९४४ साली अमेरिकी सरकारने नृत्य किंवा गायन असलेल्या करमणुकीच्या ठिकाणांवर ३० टक्के कर बसवला, जो लवकरच २० टक्क्यांवर आणला गेला. केवळ बसून वाद्यसंगीत ऐकण्याची जागा या करातून सुटत होती. लहान संच आणि ऐकणारा श्रोता ही जोडी जुळण्यामागे केवळ अभिरुची नव्हती, असा हिशेबही होता.

६/ २२ जून १९४५. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये डिझी गिलेस्पी (ट्रंपेट) आणि चार्ली पार्कर (सॅक्सोफोन) यांच्या क्विंटेटची मैफल झाली. पियानोवर अल हेग, बासवर कर्ली रसेल, ड्रम्सवर मॅक्स रोच. ‘अ नाइट इन ट्युनिशिया’, ‘सॉल्ट पीनट्स’, ‘ग्रूव्हिन हाय’, ‘हॉट हाउस’ या रचना त्या दिवशी वाजल्या. या मैफलीचे ध्वनिमुद्रण अनेक दशके अज्ञात राहून २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ज्यांना अभिजात म्हणतात, त्या रचना त्या दिवशी अगदी ताज्या होत्या.

७/ पण ‘ताज्या’ म्हणजे किती? ‘हॉट हाउस’ ही टॅड डॅमरन यांची रचना कोल पोर्टर यांच्या एका गाजलेल्या गाण्याच्या कॉर्ड्सवर उभी आहे. ‘ग्रूव्हिन हाय’चा पाया ‘व्हिस्परिंग’ हे १९२० चे लोकप्रिय गाणे आहे. जुन्या गाण्याचा सांगाडा तसाच ठेवून त्यावर संपूर्ण नवी चाल बसवायची, ही बीबॉप या शैलीची आवडती युक्ती होती.

८/ मराठी वाचकाला याचे उलटे रूप चांगले ठाऊक आहे. संगीत रंगभूमीवर किर्लोस्करांच्या काळापासून प्रचलित चालींवर नवी पदे बांधली गेली. तेथे चाल जुनी आणि शब्द नवे. बीबॉपमध्ये शब्द गळाले, कॉर्ड्स जुन्या राहिल्या आणि चाल नवी आली. दोन्हीकडे उसनवारी आहे. पण म्हणून ‘सौभद्र’ला कोणी नक्कल म्हणत नाही.

९/ या युक्तीमागे व्यवहारही होता. १९०९ च्या अमेरिकी कायद्यानुसार गाण्याच्या प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे रचनाकार-प्रकाशकाला दोन सेंट द्यावे लागत. संरक्षण मिळे ते चालीला; कॉर्ड्सच्या क्रमावर प्रत्यक्षात कोणी हक्क सांगत नसे. म्हणजे जुनी चाल टाळली की जुन्या मालकाचे दोन सेंट वाचले.

१०/ २६ नोव्हेंबर १९४५ रोजी सॅव्हॉय कंपनीसाठी पार्कर यांनी ‘को-को’ ध्वनिमुद्रित केली. तिचा पाया रे नोबल यांचे ‘चेरोकी’ हे गाणे. पहिल्या प्रयत्नात वादक थेट ‘चेरोकी’ची चाल वाजवू लागले आणि ध्वनिमुद्रण तेथेच तोडण्यात आले, हा अर्धवट तुकडा आजही ऐकता येतो. दुसऱ्या खेपेस ती चाल वगळली गेली. आधुनिक जॅझच्या एका शिखराला असा रॉयल्टीच्या हिशेबाचाही हातभार लागला आहे.

११/ येथे भाबडेपणा टाळायला हवा. नवी चाल वादकाच्या नावावर चढली, म्हणजे पैसा त्याच्याच हाती पडला असे नव्हे. प्रकाशनाचे हक्क अनेकदा कंपन्यांकडे जात. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या पार्कर यांनी तर १९४६ मध्ये आपल्या रॉयल्टीचा अर्धा वाटा अमली पदार्थ विकणाऱ्या माणसाला लिहून दिला होता. रचना त्यांची, सही त्यांची, मिळकत मात्र वाटली गेली.

१२/ पन्नाशीच्या दशकात काही कृष्णवर्णीय संगीतकारांनी या दुखण्यावर नेमका इलाज शोधला : संगीत-प्रकाशन स्वतःच करायचे. सॅक्सोफोनवादक आणि रचनाकार जिजी ग्राइस यांनी त्या दशकाच्या मध्यावर स्वतःच्या प्रकाशन संस्था काढल्या आणि इतर वादकांनाही आपल्या रचना स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचा आग्रह केला. हे धाडस त्यांना महागात पडले. साठच्या दशकाच्या सुरुवातीस संस्था बंद झाल्या आणि ग्राइस संगीतक्षेत्रातूनच बाहेर पडले. पुढे ते न्यूयॉर्कमध्ये शाळाशिक्षक झाले.

१३/ पियानोवादक होरेस सिल्व्हर यांना मात्र यश आले. त्यांच्या प्रकाशन संस्थेचे नाव ‘इकारो’ : इंग्रजीतील ‘होरेस’ची अक्षरे उलट क्रमाने. ट्रंपेट, टेनर सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम्स हे क्विंटेट त्यांनी अनेक वर्षे चालवले आणि मुख्यतः आपल्याच रचना वाजवल्या. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘साँग फॉर माय फादर’चे नाव आजही घेतले जाते. सिल्व्हर यांच्या संचात नवी रचना ही कलेची आणि उपजीविकेचीही बाजू होती.

१४/ आता या कथेतील सर्वांत अवघड व्यक्तिमत्त्व : माइल्स डेव्हिस. त्यांच्या नावावर नोंदलेल्या काही रचनांविषयी जॅझच्या अभ्यासकांत जुना वाद आहे. ‘ट्यून अप’ आणि ‘फोर’ या एडी व्हिन्सन यांच्या मानल्या जातात. ‘ब्लू इन ग्रीन’ ही आपली रचना असल्याचे पियानोवादक बिल एव्हान्स यांनी सांगितले होते. संचाचा नायक मोठा असला की सहीची जागा आपोआप त्याच्याकडे सरकते, याचा हा नमुना.

१५/ आणि तरीही सामूहिक नवनिर्मितीचे सर्वोच्च उदाहरण शोधताना याच डेव्हिस यांच्याकडे यावे लागते. १९६४ च्या शरदात त्यांचे ‘दुसरे महान क्विंटेट’ पूर्ण झाले : सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर, पियानोवर हर्बी हँकॉक, बासवर रॉन कार्टर आणि ड्रम्सवर टोनी विल्यम्स. विल्यम्स १९६३ मध्ये संचात आले, तेव्हा अवघे १७ वर्षांचे होते. ‘इ.एस.पी.’, ‘माइल्स स्माइल्स’, ‘सॉर्सरर’, ‘नेफरटिटी’ या ध्वनिमुद्रिकांतून नव्या रचनांचा ओघ सुरू झाला. त्यांतील सर्वाधिक लक्षणीय रचना शॉर्टर यांच्या होत्या आणि त्या शॉर्टर यांच्याच नावाने छापल्या गेल्या.

१६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. स्टुडिओत हा संच नवे वाजवत होता. व्यासपीठावर काय वाजत होते? २२ आणि २३ डिसेंबर १९६५ रोजी शिकागोच्या ‘प्लग्ड निकेल’ क्लबमधील ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात मुख्यतः जुनाच संग्रह आढळतो : ‘स्टेला बाय स्टारलाइट’, ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ यांसारखी गाणी. केवळ ध्वनिमुद्रिका हेच साधन मानणाऱ्याचा या संचाविषयीचा निष्कर्ष चुकेल, आणि केवळ मैफलींवर विसंबणाऱ्याचाही.

१७/ शिवाय ती जुनी गाणी तरी जुनी कुठे राहिली होती? श्रोत्याला जे अपेक्षित आहे ते वाजवायचे नाही, असा तरुण साथीदारांनी आपसांत निश्चय केला होता, अशी आठवण हँकॉक यांनी सांगितली आहे. लय मध्येच ढासळते, चाल ओळखू येईपर्यंत विरते, चढता प्रसंग अचानक शांत होतो. नवी चाल लिहिण्याआधीच संचाने ऐकण्याची नवी रीत रचली होती.

१८/ १९६७ च्या शरदातील युरोप दौऱ्यात दोन्ही प्रवाह एकत्र आले. अँटवर्प, स्टॉकहोम, कोपनहेगन, पॅरिस, कार्ल्सरूह. रचना एकापाठोपाठ, मध्ये न थांबता वाजत राहिल्या. ‘राउंड मिडनाइट’ हे थेलोनियस मंक यांचे जुने गीत आणि शॉर्टर यांच्या ‘फुटप्रिंट्स’, ‘मास्कालेरो’ या नव्या रचना एकाच अखंड प्रवाहात. जुने आणि नवे यांत तेथे वैर नव्हते. सांधाही दिसत नव्हता.

१९/ आता सहीच्या प्रश्नाकडे परत येऊ. ‘नेफरटिटी’ ही शॉर्टर यांची रचना ७ जून १९६७ रोजी ध्वनिमुद्रित झाली. तिच्यात ट्रंपेट आणि सॅक्सोफोन उत्स्फूर्त वादन करतच नाहीत. तीच चाल ते पुन्हा पुन्हा वाजवतात आणि तिच्याखाली पियानो, बास व विशेषतः ड्रम्स बदलत, पेटत, पुन्हा विझत जातात. लेहरा तोच ठेवून तबल्याने सारी कथा सांगावी, तसे हे.

२०/ या रचनेचा कर्ता कोण? कायद्याचे उत्तर सोपे आहे : वेन शॉर्टर. कानाचे उत्तर इतके सोपे नाही. टोनी विल्यम्स यांचे ड्रम्स काढून टाकले, तर केवळ एक सुंदर, स्थिर चाल उरते. पण रचनाकाराचा वाटा चाल लिहिणाऱ्याला मिळतो. तिच्यावर क्षणोक्षणी नवे घडवणारा वादक कायद्याच्या नजरेत ‘साथीदार’च राहतो. हा शॉर्टर यांचा दोष नाही. कागदावर उतरते तेच संगीत, असे मानणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे.

२१/ एक आक्षेप येथे घ्यायलाच हवा. जुनी सामाईक गाणी ही जॅझची सामाईक भाषा आहे. अनोळखी वादक एकत्र येऊन वाजवू शकतात ते तिच्यामुळेच. प्रत्येक संच केवळ आपलेच वाजवू लागला, तर श्रोत्याला पाय टेकायला जागा उरणार नाही. शिवाय ‘नवी’ म्हणून पुढे येणारी प्रत्येक चाल लक्षात राहण्याजोगी असते असेही नाही. आक्षेप खरा आहे. पण ज्यांना आज सामाईक भाषा म्हणतात, त्या ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ आणि ‘फुटप्रिंट्स’ या कोणा ना कोणा संचाच्या ‘आपल्याच’ रचना होत्या. कोणीतरी त्या पहिल्यांदा, अनोळखी श्रोत्यांसमोर, वाजवण्याची जोखीम घेतली.

२२/ सहीचा हा प्रश्न न्यूयॉर्कपुरता नाही. मुंबईच्या जॅझ बँडमधील अनेक गोवेकर वादक चाळिशी-पन्नाशीच्या दशकांत हिंदी चित्रपटसंगीतात आले. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, हे सी. रामचंद्र यांचे साथीदार. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांतील किती जणांना ते नाव ठाऊक आहे?

२३/ सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस या मंडळींनी संगीत दिग्दर्शकांच्या चालींना वाद्यवृंदाचे शरीर दिले. पैकी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभारून राग आणि सिम्फनी यांचा मेळ घालणाऱ्या आपल्या रचना मुंबईत सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. देशाला मात्र त्यांचे नाव कळले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका विनोदी गाण्यामुळे. ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेले वंदन होते, हेही फार थोड्यांना ठाऊक आहे.

२४/ २०१२ मध्ये भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटातील गीतकार व संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला बळकटी आली. पाऊल मोलाचे होते. पण वाद्यरचना करणारा संयोजक आणि स्टुडिओत उत्स्फूर्त तुकडा सुचवणारा वादक यांना रचनाकाराचे स्थान या दुरुस्तीनेही दिले नाही. टोनी विल्यम्स आणि चिक चॉकलेट यांच्या संगीतात साम्य शोधणे ओढूनताणून होईल. त्यांच्या कागदोपत्री स्थानातील साम्य मात्र डोळ्यांत भरणारे आहे.

२५/ आता पुन्हा बर्डलँड. डेव्ह हॉलंड यांचा जन्म १९४६ मध्ये इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टनचा. १९६८ साली लंडनच्या ‘रॉनी स्कॉट्स’ क्लबमध्ये माइल्स डेव्हिस यांनी त्यांना ऐकले आणि रॉन कार्टर यांच्या जागी संचात घेतले. म्हणजे ‘दुसरे महान क्विंटेट’ विरत असताना हॉलंड आत आले. संच कसा विचार करतो, हे त्यांनी तेथे आतून पाहिले. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी स्वतःचे क्विंटेट बांधले आणि ते प्रामुख्याने संचातील वादकांच्या रचनांवर चालवले.

२६/ २००१ च्या संचात क्रिस पॉटर (सॅक्सोफोन), रॉबिन युबँक्स (ट्रोम्बोन), स्टीव्ह नेल्सन (व्हायब्राफोन) आणि बिली किल्सन (ड्रम्स). पियानो नाही, ट्रंपेटही नाही. व्हायब्राफोनचे सूर विरळ असल्याने मधली जागा मोकळी राहते आणि सॅक्सोफोन व ट्रोम्बोन एकाच वेळी स्वतंत्र वाटांनी जाऊ शकतात. ताल विषम मात्रांचे, पण बासची आवर्तने इतकी ठाम, की मात्रा न मोजताही सम कळते. आणि महत्त्वाचे : नायक हॉलंड असले तरी ‘मेटामॉर्फॉस’ युबँक्स यांची आहे, ‘हाय वायर’ पॉटर यांची, आणि छापताना ती त्यांच्याच नावाने छापली गेली.

२७/ २००५ मध्ये हॉलंड यांनी ‘डेअर टू’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली. ग्राइस आणि सिल्व्हर यांनी अर्धशतकापूर्वी मांडलेला हिशेब येथे एका पावलाने पुढे गेला. रचना स्वतःची, तर तिच्या ध्वनिमुद्रणाची मालकीही स्वतःची. संगीतकाराने व्यवहार पाहू नये, असे म्हणणाऱ्यांनी ग्राइस यांचे उत्तरायुष्य एकदा वाचावे.

२८/ एका रचनेचा प्रवास पाहण्याजोगा आहे. हॉलंड यांची ‘बेडुइन ट्रेल’ १९९८ च्या ध्वनिमुद्रिकेत आली. २००१ मध्ये ती बर्डलँडच्या व्यासपीठावर वाजली. पुढे २०१९ मध्ये ‘गुड होप’ या ध्वनिमुद्रिकेत ती पुन्हा भेटते. या वेळी हॉलंड आणि पॉटर यांच्यासोबत माहीमचे उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला आहे. एका संचाची ‘स्वतःची’ रचना दुसऱ्या परंपरेच्या हाती गेली आणि तिचा कर्ता हरवला नाही. परंपरा वाढते ती अशी. त्यासाठी नाव पुसावे लागत नाही.

२९/ म्हणून पुढच्या वेळी एखादे नवे क्विंटेट व्यासपीठावर येऊन केवळ स्वतःच्या रचना वाजवू लागले, तर ‘ओळखीचे काही का नाही?’ असे विचारण्याची घाई करू नये. टाउन हॉलमधील श्रोत्यांनाही २२ जून १९४५ रोजी सारेच ओळखीचे नव्हते. त्याऐवजी ध्वनिमुद्रिकेच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचावीत : रचना कोणाची, प्रकाशक कोण, ड्रम्सवर कोण. इतिहास बहुधा त्याच बारीक अक्षरांत असतो, आणि नावे गळतात तीही तेथूनच.

(थ्रेड समाप्त)